डिस्क वाकते की वाकडी बसते?

सुरतेकडचा सपाट रस्ता सोडला, तर चिंचपाड्याहून निघालेल्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा ठरलेलीच असते. पूर्वेला विसरवाडी मागं पडली की धुळ्याच्या वाटेवर कोंडाईबारीचा घाट. नवापूरहून पिंपळनेरकडे वळलं तर चरणमाळचा. तापी ओलांडून सातपुड्यात शिरायचं म्हटलं, तर तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला चढणारा देवगोईचा घाट, नाहीतर तोरणमाळची वळणं. त्यात नवापूर तालुका म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला भरपूर पावसाचा, भाताचा मुलूख. वर्षातले चार महिने चाकं ओलीच. अशा टापूत नव्या चारचाकीबद्दल एक तक्रार सर्रास ऐकू येते. गाडी घेऊन जेमतेम वर्ष झालेलं असतं, दहा-पंधरा हजार किलोमीटर पळालेली असते आणि महामार्गावर ऐंशीच्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग थरथरायला लागतं, पेडल पायाखाली धडधडतं. गॅरेजातला निदानाचा शब्दही ठरलेला आहे: डिस्क वाकली. मग डिस्क लेथवर चढते किंवा नवी जोडी बसते. पाच-सहा महिने बरे जातात आणि थरथर पुन्हा हजर होते. मालकाच्या मते कंपनीनं लोखंड हलकं वापरलेलं असतं, कंपनीच्या मते मालकाला घाट उतरता येत नाही. या भांडणात दोघांनीही एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकलेली असते, ती म्हणजे डिस्क वाकलीच आहे. माझं म्हणणं असं, की चारचाकीच्या बाबतीत बहुतेक वेळा हा शब्दच चुकीचा असतो आणि चुकीच्या शब्दामागोमाग पैसाही चुकीच्या जागी जातो.

आधी डिस्क म्हणजे काय ते पाहू. चाकाच्या आतल्या बाजूला चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड थाळी, तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड आणि ते पॅड चिमट्यासारखे आवळणारा कॅलिपर, एवढाच हा कारभार. कल्पना जुनी आहे. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली, ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारनं जिंकली तेव्हा. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं जुन्या पद्धतीचे ड्रम असतात, कारण ब्रेक लागताना वजन पुढं झुकतं आणि थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढची चाकंच करतात. आता या रचनेतली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. बऱ्याच गाड्यांत डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, स्वतंत्रपणे घट्ट आवळलेली नसते. ती हबवर नुसती टेकलेली असते, फार तर एखाद्या बारीक स्क्रूनं जागेवर धरलेली. तिला खरं आवळून धरतात ते चाकाचे नट. म्हणजे हब, त्यावर डिस्क, त्यावर चाक अशी ती चळत असते आणि डिस्क मधल्यामध्ये दाबलेली. चळतीत कुठं खडा अडकला किंवा ती एका बाजूनं जास्त आवळली गेली, तर अगदी सरळ असलेली डिस्कसुद्धा तिरकी फिरणार.

किती तिरकी, हे डोळ्यांना दिसत नाही आणि गैरसमजाचं मूळ तिथंच आहे. डिस्क एका फेऱ्यात उजवी-डावीकडे किती डुलते ते डायल गेजवर मोजतात. गॅरेजच्या भाषेत डिस्क 'आउट' आहे म्हणतात ती हीच गोष्ट. बहुतेक मोटारींना ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतचं आउट चालतं. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे सगळी मुभा एका केसाच्या आसपासची. दुसरं माप याहून बारीक आहे. एकाच डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का, हे मायक्रोमीटरनं आठ-दहा जागी मोजतात. जाडीत ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरक पडला, म्हणजे केसाचा तिसरा हिस्सा, तरी पायाला धडधड जाणवू लागते. ती कशी, तेही सोपं आहे. जाड भाग पॅडांमधून जातो तेव्हा पॅड थोडे मागं ढकलले जातात, ब्रेक ऑइलवरचा दाब क्षणभर वाढतो. पातळ भाग आला की दाब उतरतो. साठ सेंटिमीटर व्यासाचं चाक ऐंशीच्या वेगात सेकंदाला बारा फेरे घेतं. सेकंदाला बारा वेळा दाब चढणार-उतरणार, चाक बारा वेळा जास्त-कमी अडणार आणि त्याचे धक्के स्टेअरिंगच्या दांड्यांतून हातात येणार. अमुक एका वेगात, बहुधा सत्तर ते शंभरच्या दरम्यान, थरथर जास्त का जाणवते याचंही उत्तर इथंच मिळतं. त्या वेगाला धक्क्यांची गती आणि स्टेअरिंग-सस्पेन्शनची स्वतःची डुलण्याची गती जुळते. झोका द्यायची वेळ साधली की झोका चढतो, तसंच हे. ब्रेक न लावताही गाडी थरथरत असेल, तर मात्र दोष चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये किंवा टायरमध्ये शोधावा. आणि खडीवर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल करकरत असेल, तर ते चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचं काम आहे, बिघाड नव्हे.

आता खरी मजा. आउट आणि जाडीतला फरक ही दोन वेगळी मापं आहेत, पण पहिल्यातून दुसरं जन्माला येतं आणि त्याला वेळ लागतो. डिस्क किंचित तिरकी बसली आहे असं धरा. पहिल्या दिवशी चालकाला काहीच कळणार नाही, कारण जाडी सगळीकडे सारखीच आहे आणि कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून डिस्कच्या डुलण्याशी जुळवून घेतो. पण ब्रेक सोडलेला असतो तेव्हा पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत, अगदी खेटूनच राहतात. त्यामुळं डिस्कचा जो भाग बाहेर झुकला आहे तो प्रत्येक फेऱ्याला पॅडला हलकेच घासून जातो. किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. दुसऱ्या अंगाला, समोरच्या टोकाला, हेच चाललेलं असतं. काही हजार किलोमीटरांत त्या जागा झिजून पातळ होतात आणि एके दिवशी थरथर सुरू होते. म्हणजे चूक आषाढात झाली तर तिची खूण दिसते दिवाळीनंतर. मध्ये इतके दिवस गेलेले असतात की चुकीचा आणि खुणेचा संबंध कुणी लावतच नाही. पावसाळ्यात पंक्चर निघालं होतं, टायर पुढं-मागं बदलून घेतले होते, हे कुणाच्या ध्यानातही नसतं. लक्षात राहतो तो परवा उतरलेला घाट, आणि आळ घाटावर येतो.

आउट येतं कुठून? डिस्क कारखान्यातूनच वाकडी आली, हे एक उत्तर आहेच, पण ते यादीत बरंच खाली येतं. सगळ्यात वर आहे गंज. हब आणि डिस्क जिथं एकमेकांवर टेकतात ती बैठक उघड्या बिडाची किंवा पोलादाची असते. नवापूरच्या पावसात एक-दोन पावसाळे गेले की तिथं गंजाची पापुद्री धरते. चाक काढलं, डिस्क उतरवली आणि ती पापुद्री न खरवडता नवी डिस्क त्यावर ठेवली, तर गंजाचा एक खपला पुरेसा होतो. बैठकीचा व्यास लहान आणि डिस्कचा मोठा. त्यामुळं मध्ये अडकलेला ०.०५ मिलिमीटरचा कण कडेला गेल्यावर जवळपास दुप्पट होऊन दिसतो. दुसऱ्या क्रमांकावर नट. नट चांदणीच्या क्रमानं, म्हणजे एक झाला की समोरचा, टप्प्याटप्प्यानं आणि ठरलेल्या जोरानं आवळायचे असतात. लहान मोटारींसाठी हा जोर बहुधा ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानात हवेवर चालणारी गन एका दमात पहिला नट पूर्ण आवळते, मग दुसरा, मग तिसरा. तिचा जोर सहज दुप्पट होऊ शकतो आणि प्रत्येक नटाला वेगळा पडतो. पंक्चरवाल्याचा यात फारसा दोष नाही. त्याच्या डोक्यात जुन्या ट्रकचं चाक असतं. तिथं सैल नट म्हणजे जिवावरचा धोका आणि जास्त आवळलेला म्हणजे खबरदारी. मोटारीच्या डिस्कला ही खबरदारी मानवत नाही, इतकंच. तिसरं कारण अडकलेल्या कॅलिपरचं. ज्या पिनांवर तो सरकतो त्यांत चिखल-पाणी शिरून वंगण सुकलं की एक पॅड डिस्कला चिकटूनच राहतो. एका बाजूचं चाक हाताला जास्त गरम लागत असेल किंवा दोन पॅडांची झीज डोळ्यांना दिसेल इतकी वेगळी असेल, तर हा संशय आधी घ्यावा.

इथं कोणीही अनुभवी चालक आक्षेप घेईल. गंज नि नट ठीक आहेत, पण कोंडाईबारी उतरल्यावर चाकातून धूर येताना लोकांनी पाहिलेला आहे. एवढ्या आगीत लोखंड वाकणार नाही तर काय होणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर हिशेबानंच द्यायला हवं. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी ऐंशीच्या वेगातून थांबवली, तर सुमारे ३ लाख ७० हजार जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ढोबळमानानं १ लाख ३० हजार येते, आणि डिस्क सात किलोची असेल तर तिचं तापमान चाळीसेक अंशांनी चढतं. आता घाट. हीच गाडी उभ्या मापात शंभर मीटर खाली आली की जवळजवळ १४ लाख ७० हजार जूल सुटतात, म्हणजे ऐंशीच्या वेगातून चार वेळा कचकचीत थांबण्याइतकी उष्णता. तीनशे मीटरचा उतार एका दमात, गाडी न्यूट्रल करून, नुसत्या ब्रेकवर उतरला आणि वाटेत काहीच थंड झालं नाही असं मानलं, तर डिस्क पाचशे अंशांच्या आसपास जाईल. पण 'काहीच थंड झालं नाही' हे कागदावरच शक्य आहे. साधारण घाटउतारावर ओढीतला पाचवा हिस्सा टायरांच्या रेट्यातच खपतो, उतरायला सात-आठ मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ डिस्कच्या पोकळ्यांतून वारा खेळत असतो. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर ओढीचा मोठा वाटा इंजिनच पेलतं. मग डिस्क दीडशे-दोनशे अंशांपलीकडे क्वचितच जाते. याउलट ओतीव बिडातले ताण घालवायला ओतशाळेत ते ५०० ते ६०० अंशांपर्यंत तापवावं लागतं, तेही तासन्तास. बीड मऊ पडून कायमचं वाकायला लागणारी आच आणि सामान्य चालकाच्या हातून पेटणारी आच यांत बरंच अंतर आहे. तापलेली डिस्क काही काळ किंचित वाटीसारखी होते, हे खरं. पण थंड झाल्यावर ती पूर्ववत होते. शिवाय वाटी झाली तरी ती सगळीकडून सारखीच होते, त्यानं फेऱ्यागणिक धक्के बसत नाहीत. आणि धूर? तो बिडाचा नसतो, पॅडमधल्या राळेचा असतो.

त्या राळेपाशी मात्र थांबायला हवं, कारण घाट अगदीच निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पॅड डिस्कला केवळ घासतो असं नाही. चांगला बसलेला पॅड स्वतःचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर सोडत असतो आणि पुढचं घर्षण त्या थराशी होतं. थर सगळीकडे सारखा असला तर उत्तम. पण घाट न्यूट्रलमध्ये उतरून, पॅड करपेपर्यंत तापवून, पायथ्याशी चहाच्या टपरीपुढं गाडी थांबवली आणि पाय ब्रेकवर दाबूनच ठेवला, तर तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटतो. गाडी निघते तेव्हा त्याच्या आकाराचा ठसा मागं राहतो. ठशाची जागा जाड, बाकीची पातळ. अमेरिकेतले रेसिंग अभियंते कॅरल स्मिथ यांनी वाकलेल्या डिस्कचा समज खोडून काढणारा एक प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता: ज्याला आपण वाकणं म्हणतो ते बहुधा पॅडच्या मालाचं असमान लेपन असतं. लेपन वेळीच ओळखलं तर ते खरवडून जातं. तसंच चालू दिलं तर ती उंच जागा प्रत्येक ब्रेकला जास्त घासते, जास्त तापते आणि साधारण साडेसहाशे अंशांपुढं तिथल्या बिडाची जातच बदलते. लोह आणि कार्बन यांचं कठीण संयुग, सिमेंटाइट, तयार होतं. निळसर-करड्या डागांवरून ते ओळखू येतं. हे डाग खोलवर गेलेले असतात, त्यामुळं लेथवर वरचा पापुद्रा काढला तरी कठीण गाठ आत शिल्लक राहते, आजूबाजूचा मऊ भाग झिजतो आणि थरथर परत येते. म्हणजे घाटाचा दोष आहे, पण तो डिस्क वाकवण्याचा नाही, पॅडचा थर बिघडवण्याचा आहे. आणि तोही मुख्यतः न्यूट्रलच्या सवयीमुळं. डिझेल वाचवण्याच्या या हिशेबात कुणी पॅड धरतच नाही. खरं तर तिथं डिझेलही वाचत नाही, कारण आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना पाय वर असला की इंधनाचा पुरवठा जवळपास बंदच होतो. थांबायचंच असेल तर घाटाखाली दोन-तीन किलोमीटर गाडी ब्रेकशिवाय मोकळी पळू द्यावी, मग थांबावं, गिअर टाकून चाकाला दगड लावावा आणि पाय ब्रेकवरून काढावा. तापलेल्या चाकांवर वॉशिंग सेंटरचा फवारा तर कधीच मारू नये. डिस्कला एका बाजूनं असा थंडीचा तडाखा देणं हा तिला खरोखर तडे पाडण्याचा किंवा वाकवण्याचा मार्ग आहे.

खरोखर वाकणाऱ्या डिस्कही असतात आणि त्या शोधायला लांब जावं लागत नाही. मोटरसायकलींकडे पाहा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारं सीबीएस सक्तीचं झालं, आणि गावोगावी डिस्कच्या गाड्या दिसू लागल्या. दुचाकीची डिस्क चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची, उघडी आणि जमिनीपासून हातभर उंचीवर. दगड लागला, गाडी आडवी पडली, डिस्कला लावलेलं कुलूप न काढताच कुणी गाडी पुढं ढकलली, की ती वाकते. तिथं 'वाकली' हा शब्द शब्दशः खरा आहे. माझा कयास असा, की दुचाकीवर खरा असलेला हा शब्द तसाच उचलून आपण चारचाकीला चिकटवला आहे. मोटारीतही कारखान्याचा दोष संभवतो: ओतकाम नीट न मुरवलेली डिस्क, आतले ताण शिल्लक असलेली, पहिल्या काही तापांत आकार बदलणारी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, बिननावाच्या डिस्कमध्ये हा धोका जास्त. म्हणून तर मोजायचं. मोजल्याशिवाय कारखान्याचा दोष सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही.

दुसरा आक्षेप गॅरेजवाल्यांकडून येतो आणि तो अनुभवाच्या बळावर येतो. डिस्क लेथवर मारली किंवा बदलली की थरथर जाते. मग दोष डिस्कमध्येच नव्हता का? नव्हता असं नाही, पण तो डिस्कमध्ये दुसरीकडून आलेला होता. लेथवर दोन्ही बाजू समांतर झाल्या, जाडी सगळीकडे सारखी झाली, म्हणून धक्के थांबले. पण डिस्क परत त्याच गंजलेल्या बैठकीवर आणि त्याच गननं बसली, तर आउट जिथल्या तिथंच आहे. झीज पुन्हा पहिल्यापासून सुरू. आराम पाच-सहा महिनेच का टिकतो, याचा खुलासा दुसऱ्या कुठल्याही स्पष्टीकरणात नीट होत नाही. लोखंडच हलकं असतं तर एका कंपनीची डिस्क काढून दुसरीची बसवल्यावर रोग जायला हवा होता. शिवाय लेथ म्हटलं की डिस्क थोडी पातळ होणारच. प्रत्येक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क उष्णता धरू शकत नाही, ती टाकूनच द्यावी. घाटातल्या गाडीला पातळ डिस्क वापरणं म्हणजे उधारीवर दिवस काढणं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो: महामार्गालगतच्या छोट्या गॅरेजात हे मोजमाप करणार कोण? अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर दिवसाची खोटी होते, आणि जवळचा मिस्त्री डोळ्यांनी, हातानं, कानांनी निदान करतो. त्याच्या हाताला मी कमी लेखत नाही. बेअरिंगचा आवाज ओळखणारा कान कुठल्याही यंत्रानं मिळत नाही. पण केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक कुठल्याच हाताला कळत नसतो, त्यामुळं इथं कसबाचा प्रश्नच येत नाही. चुंबकी बैठकीचा साधा डायल गेज आणि एक मायक्रोमीटर यांसाठी काही मोठं भांडवल लागत नाही. एखाद्या मोटारीच्या पुढच्या डिस्कच्या जोडीला जो खर्च येतो, साधारण त्या मापाची ही खरेदी. नट ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क पान्याचंही तेच. अडचण पैशाची कमी आणि मागणीची जास्त आहे. गिऱ्हाईक 'डिस्क बदला' म्हणूनच येतं, 'मोजून दाखवा' म्हणत नाही. आणि मोजण्याची मजुरी द्यायला आपण तयार नसतो, सुट्या भागाचे पैसे मात्र मुकाट देतो. मजुरी हिशेबात न धरणाऱ्या गिऱ्हाइकाला सुटे भागच विकत मिळणार.

गाडी नवी असते तेव्हा मोजमापाला आणखी एक अर्थ येतो, तो वॉरंटीचा. डिस्क आणि पॅड 'झिजणारे भाग' म्हणून वॉरंटीतून वगळलेले किंवा थोड्याच काळासाठी धरलेले असतात, आणि काउंटरवर तेवढ्यावरच तक्रार परतवली जाते. पण झीज वेगळी आणि दोष वेगळा. बारा हजार किलोमीटरांत डिस्क वापरानं किमान जाडीला पोचली, तर ती झीज. जाडी भरपूर शिल्लक आहे आणि तरीही हबपासूनच आउट आहे, तर त्याला झीज म्हणता येत नाही. हा फरक शब्दांनी मांडून चालत नाही, आकड्यांनीच मांडावा लागतो. म्हणून गाडी सर्व्हिसला देताना जॉबकार्डवर 'ब्रेक खराब' असं मोघम लिहू देऊ नये. ऐंशीच्या वेगात ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग थरथरतं, किलोमीटर इतके, याआधी चाकं अमुक तारखेला काढली होती, असं लिहून घ्यावं. आणि हबचं आउट, डिस्कचं आउट व जाडीतला फरक हे तीन आकडे लिहून मागावेत. एकच जॉबकार्ड क्षुल्लक वाटतं, पण तीच तक्रार तीन जॉबकार्डांवर आली की तिला वजन येतं.

ते वजन लागतं ग्राहक आयोगात. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सीमाभागातल्या लोकांची एक मोठी अडचण दूर केली. नवापूर पट्ट्यातली कितीतरी खरेदी सुरत-व्यारा बाजूला होते, आणि पूर्वी तक्रार करायची तर साधारणतः विक्रेता जिथं आहे किंवा व्यवहार जिथं झाला तिथं जावं लागे. आता ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे गाडी सुरतेची असली तरी तक्रार नंदुरबारला. मुदत दोन वर्षांची आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मात्र अपेक्षा माफक ठेवावी. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली म्हटलं, की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल, तर त्या भागापायी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. ब्रेक थरथरतो म्हणून नवी गाडी मिळेल, या भरवशावर कुणी वकील गाठू नये. आणि दोष पंक्चरच्या दुकानातल्या गनचा निघाला, तर कंपनीविरुद्धचं प्रकरण तिथंच संपतं. आधी स्वतः मोजून घेण्यात शहाणपण आहे, ते याहीसाठी.

मोजणीचा क्रम सोपा आहे. चाक काढायचं, पण डिस्क नटांनी आवळूनच ठेवायची. नट डिस्कवर नीट टेकत नसतील तर मध्ये वायसर घालायचे. गेजची सुई डिस्कच्या कडेच्या थोडं आत टेकवून डिस्क सावकाश एक फेरा फिरवायची आणि सर्वांत जास्त आउट कुठं येतं तिथं खडूनं खूण करायची. मग डिस्क उतरवायची, हबची बैठक तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासायची, डिस्कची आतली बाजूही तशीच. तीच डिस्क पुन्हा चढवून, टॉर्क पान्यानं चांदणीच्या क्रमानं आवळून पुन्हा मोजायचं. पुष्कळदा आकडा इथंच निम्म्यावर येतो. नाही आला तर डिस्क एक भोक पुढं फिरवून बसवायची. चार भोकं असतील तर चार जागा, पाच असतील तर पाच. सर्वांत जास्त आउट डिस्कवरच्या खडूच्या खुणेबरोबर सरकलं तर दोष डिस्कचा, आणि हबच्या त्याच जागी राहिलं तर हबचा. दोघांतही थोडा-थोडा असला, तर एखादी जागा अशी सापडते की दोघांचे दोष एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सुई ०.०९ वरून ०.०३ वर येऊन स्थिरावते. मग चाक चढवायचं, नट हातानं धरवून घ्यायचे आणि गन भिंतीवरच टांगलेली राहू द्यायची.